लाल जाकीट

उद्या माझ्या नातीला, अंकिताला बघायला पावणं येणार. पोरगा म्हणालाय, साडी नको, सकाळी फिरायला जाऊ. म्हणून तसले कपडे घ्यायला आम्ही दोघी साताऱ्याच्या दुकानात गेलो. निघताना माझा लेक, अंकिताचा बाप जोतीराम पाया पडला. मला वाटलं, लेकीच्या चांगल्या कामाला आई निघाली म्हणून पडला.

आमच्या घरातल्या बायांचे खांदे रुंद, कंबर बारीक. मी लाल जाकीट उचललं, खांद्यावर पांढरे पट्टे असलेलं.

"आजी, त्यानं खांदे अजून मोठे दिसतील," दुकानातली पोरगी म्हणाली. तिनं साधा काळा टी-शर्ट काढला आणि खाली फिकट रंगाची, पायाशी सैल पँट. अंकिता घालून आली, तर खांदे कुठं गेले तेच कळेना.

"लपवतीस कशाला गं? माझ्या असल्याच खांद्यावर बसून तुझ्या बापानं सगळी जत्रा बघितलीया."

अंकिता आरशाकडंच बघत म्हणाली, "आज्जे, मागचं पावणं 'पोरगी पैलवान दिसती' म्हणून परत गेलं. बाबा म्हणत्यात, माझं खांदं कपड्यात झाकतील, पण तुला बघितलं की त्यास्नी कळंल. तू हितनंच आत्याकडं वडूजला जायचंस. गाडी सांगितलीया त्यांनी."

आता कळलं, जोतीराम पाया का पडला.

मी दुकानातल्या पोरीला म्हटलं, "ते लाल जाकीट काढ बाई. माझ्या मापाचं. उद्या पावण्यांस्नी दारात पाणी मीच देणार हाय."