घासलेलं कौल

सापसुरळी आजही कौलाखाली शिरली नाही.

काचपेटीत दोन कौलं उपडी ठेवली होती. एक कोरं, दुसरं तिच्या जोडीदाराच्या जुन्या बिऱ्हाडातलं. जीभ लवलवत तिने दोन्हींचा अदमास घेतला आणि भर उजेडात, मधोमध बसून राहिली. नव्या पेटीत आल्यापासून तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

संशोधिकेने कपाळाला हात लावला. घरी तरी काय वेगळं होतं? बाबा गेल्यावर तिने आईला हट्टाने आपल्याकडे आणलं. स्वतंत्र खोली दिली. जुन्या घरातलं अंथरूण-पांघरूण धुऊन, इस्त्री करून लावलं. आई खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जायची, परत यायची आणि बाहेरच्या खुर्चीत बसून रात्र काढायची. "मला माझ्या घरी सोड गं," एवढंच पालुपद. रिकाम्या घरात, एकटीला, सोडणार कसं? आज सकाळीही याचवरून खडाजंगी झाली. निघताना तिने धुण्याचं शेवटचं गाठोडं, बाबांची कळकट चादर, नवऱ्यापुढे टाकली होती. "एवढी मशीनला लाव रे."

"हिला मरायचंय का?" ती पेटीवर खेकसली. "एवढा आयता निवारा दिलाय, तर बाईसाहेबांना पसंत नाही!"

"आणि मी तर हिला आणायच्या आधीच चकाचक करून ठेवलाय," सहकारी मैत्रीण म्हणाली. "ते जुनं कौल किती कळकट होतं! साबणाने खसाखसा घासलं."

"घासलंस?" तिचा आवाज चढला. "अगं, ती काय डोळ्यांनी घर ओळखते? जोडीदाराचा वास होता त्या कौलाला. तोच धुऊन टाकलास, आता ती कशाच्या भरवशावर आत जाईल?"

मैत्रीण ओशाळली. "चुकलं बाई. मला वाटलं, स्वच्छ केलं की तिला बरं वाटेल."

"मलाही..." ती बोलता बोलता थांबली. मग तिने घाईघाईने घरी फोन लावला.

"ती चादर मशीनला लावलीस?"

"लावणार होतो," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "आईंनी हातातून ओढून नेली. आता खोलीत ती डोक्यावरून घेऊन गाढ झोपल्यात. उठवू का?"