रांगेतले पाच तास

विमानतळावर तपासणीला माणसंच कमी, त्यामुळं रांग पाच तासांची होती. मृण्मयीनं केसांआड कानामागं रांग संपेपर्यंत भान हरपवणारी चकती चिकटवली. शेजारी उभ्या बाबांना चकती दिसली नाही. आता तिचे पाय आपोआप पुढं सरकणार होते, कुणी बोललंच तर मान डोलणार होती, आणि तिला स्वतःला पाच मिनिटंही जाणवणार नव्हती.

ती भानावर आली तेव्हा तपासणी उरकली होती. बाबांचे डोळे लाल होते, पण चेहरा कधी नव्हे इतका मोकळा दिसत होता.

“बरं झालं बयो, एकदाचं बोललो,” ते म्हणाले. “तुझी आई गेली तेव्हा मी कुठं होतो, हे सांगायला बारा वर्षं लागली. वाटलं होतं, तू तोंड फिरवशील. तू मात्र सगळं ऐकून घेतलंस. माफ केलंस ना, खरंच?”

आई गेली तेव्हा बाबा कुठं होते, हेच मृण्मयीला बारा वर्षं विचारायचं होतं. आता विचारलं, तर आपण ऐकतच नव्हतो, हे त्यांना कळलं असतं.

“हो बाबा.”

दोघांची विमानं वेगळी होती; त्यांच्या विमानाची शेवटची घोषणा झाली. पिशवी खांद्याला लावून ते दोन पावलं गेले आणि थांबले.

“आता पुन्हा हा विषय नको हं काढूस. सांगवणार नाही मला.”

मृण्मयी त्यालाही हो म्हणाली.