दोन दिवसांची मुदत

रत्नमालानं थर्मासमधून काचेची कुपी काढली तेव्हा वॉर्डातली भेटायची वेळ संपत आली होती. तिच्या बापानं, यादोरावांनी, पांघरूण स्वतःच बाजूला केलं. धानाच्या बांधीत पायात काच रुतली होती; ती जखम आता घोट्यापर्यंत काळी पडली होती. एकही औषध लागू पडत नव्हतं. उद्या सकाळी गुडघ्याखाली पाय कापायचा, असं सर्जननं सांगितलं होतं.

कुपीतलं पाणी तिच्या तीन वर्षांच्या संशोधनाचं होतं. जिवाणूंना खाणारे विषाणू तिला वैनगंगेच्या पाण्यात सापडले होते. बापाच्या जखमेतलेच जिवाणू तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवले, त्यांच्यावर हे पाणी सोडलं, आणि एका दिवसात बशीतला पांढरा थर कसरीनं खाल्ल्यासारखा भोकाभोकांचा झाला. सर्जननं ती बशी उजेडात धरून नीट पाहिली. माणसावर वापरायची परवानगी नाही, एवढं बोलून त्यांनी ती परत दिली.

परवानगी कशासाठी लागते, हे रत्नमालाला ठाऊक होतं. मेलेल्या जिवाणूंचं विष त्याच पाण्यात उतरतं. ते काढायला आठ दिवस तरी लागतात. तिनं बापाला तेही सांगितलं. पाणी अजून साफ झालेलं नाही, त्यानं जीवही जाऊ शकतो म्हणाली.

यादोरावांनी पायाकडे पाहिलं.

"मंग तू शिकली कायले?"

तिनं जाऊन शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे ढकलायच्या कागदावर सही केली. परत येऊन पडदा ओढला आणि कुपी जखमेत रिती केली.

संध्याकाळी ताप चढला. दुसऱ्या दिवशी जखमेच्या कडेला थोडं लाल मांस दिसलं. रत्नमालानं ते तीनदा वाकून पाहिलं. दुपारी रक्तदाब उतरला, आणि दिवस मावळायच्या आत यादोराव गेले. विष रक्तात पसरलं, असं सर्जननं कागदावर लिहिलं. कोणतं विष, हे कोणी विचारलं नाही.

गावी, अड्याळला, यादोरावांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात पंगत बसली होती. रत्नमालाची आई, लीलाबाई, येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, पोरीनं स्वतः औषध बनवलं, शेवटपर्यंत बापासाठी झटली. तिच्या हातात वरणाचा डाव होता.

शेजारच्या गल्लीतल्या बेबीबाई रत्नमालाजवळ येऊन बसल्या. आपल्या घरधन्याच्या पायालाही तसंच झाल्याचं त्यांनी सांगितलं. तो पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. एका पायात चप्पल, दुसऱ्यावर फडकं.

"ते औषध थोडंसं उरलं अशीन त दे वो, पोरी."

"डॉक्टर काय म्हनते?"

"कापा म्हनते. हे आयकतच नाही."

आई बाजूच्याच पंगतीत वाढत होती; रत्नमालानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"कापू द्या, मावशी," ती म्हणाली. "उद्याच न्या. दोन दिवसबी नोका थांबू."

लीलाबाईचा डाव पत्रावळीवर तसाच थांबला. वरण थेंबथेंब गळत राहिलं.