पहिल्या वळणावर चूक कुणाची?

शर्यत सुरू होऊन दहा सेकंदंही झाली नव्हती, तोच पहिल्या वळणावर दोघा सख्ख्या भावांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. थोरल्याचा हात गळ्यात बांधला गेला, धाकट्याच्या कपाळाला टाके पडले. आता दोघं पंचांच्या खोलीत समोरासमोर बसले होते आणि मध्ये त्यांची आई, दोन्ही गाड्यांची मालकीण. ज्याची चूक ठरेल त्याचं लायसन्स वर्षभरासाठी जाणार होतं.

"हा आत घुसला," थोरला म्हणाला.

"का? रस्ता तुझ्या बापाचा होता?"

"बाप एकच आहे आपला, शहाण्या!"

एरवी आईने दोघांचीही सालटी काढली असती. आज मांडीवरच्या दोन हेल्मेटांकडे ती नुसती बघत बसली होती.

पंचांनी फिल्म चौथ्यांदा लावली. "ब्रेक दोघांनीही वेळेवर दाबला नाही. का रे बाबांनो?"

धाकट्याने आईकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. थोरलाही आईकडेच बघत होता.

"शर्यतीत असं व्हायचंच. चूक कुणाचीच नाही," म्हणत पंचांनी कागदावर सही केली.

 

सकाळी हेल्मेटचा पट्टा बांधताना आईने दोघांनाही, एकेकट्याला गाठून, कानात सांगितलं होतं, "तू आधी ब्रेक लावू नकोस. तो भित्रा आहे, तोच लावेल."