धुरपताची मर्जी

“धुरपताला पिंजऱ्यात उभं करायचंच नाही,” कृष्णराव वकील म्हणाले. “नवऱ्याकडे का जात नाहीस, हे चारचौघांत विचारणं हाच बाईचा अपमान आहे.”

केवळरामने हात जोडले. “तुमी म्हनान तसं, साहेब.”

त्याची मुलगी धुरपता बाहेर पायरीवर बसली होती. तिचा नवरा जागेश्वर लाखांदूरकडचा. बायको नांदायला यावी म्हणून त्याने कोर्टात अर्ज केला होता. केवळरामचं म्हणणं असं, की जावई मारतो, उपाशी ठेवतो, म्हणून पोरगी जीव मुठीत घेऊन आसगावला माहेरी आली. कृष्णरावांनी तसा जबाब लिहिला. केवळरामने त्यावर तिचा अंगठा घेतला.

कृष्णरावांची उभी वकिली शेताच्या धुऱ्या-बांधांच्या भांडणात गेली होती. आणि आता, त्र्याऐंशीच्या जुलैत, हैदराबादच्या हायकोर्टाने निकाल दिला होता. बाईला तिच्या मर्जीविरुद्ध नवऱ्याच्या घरी धाडणारं कलम घटनेला धरून नाही, असा. कृष्णरावांनी तो नागपूरहून मागवला, लाल पेन्सिलीने रंगवला आणि जेवताना बायकोलाही वाचून दाखवला. बायको म्हणाली, भाजी निवते आहे.

“इच्या मायले लकवा मारला, साहेब,” केवळराम सांगत होता. “तिचं न्हानं, खानं, हागनं-मुतनं सारं हेच करते. सुना हात लावत नाही. अशी पोरगी त्या कसायाच्या घरी धाडू काय?”

कृष्णरावांना भरून आलं. असा बाप त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

धुरपता फार बोलायची नाही. वडील शेजारी असताना तर नाहीच. पण दर तारखेला एवढं मात्र विचारायची, “जिंकू ना जी आपन?”

“जिंकू.”

“मी मातामायले नवस बोलली.”

बाईच्या मनात नवऱ्याची केवढी दहशत असेल, हे त्यावरून कळत होतं.

समेटासाठी न्यायाधीशांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. जागेश्वर धुतलेला सदरा घालून आला होता, टोपी हातात. त्याला पाहताच धुरपताला रडू फुटलं. पदर तोंडात धरून ती थरथरू लागली.

“पाहा साहेब,” केवळराम म्हणाला, “कशी भेते ते.”

“मी बोट नाही लावलं जी तिले,” जागेश्वर म्हणाला. “मायचं पाहाले आठ दिवस म्हनून गेली होती. येक डाव तिलेच इचारा ना.”

हे सगळेच नवरे म्हणतात. त्याच्या वकिलानेही त्याची बाही ओढली.

न्यायाधीश धुरपताकडे वळले. “बाई, तुमची इच्छा काय आहे?”

तिने पदर बाजूला केला. आधी बापाकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे. ओठ हलले.

कृष्णराव ताडकन उठले. “माफी असावी साहेब! ज्याच्या भीतीने ही बाई कापते आहे, त्याच्या समोर तिला बोलायला लावणं म्हणजे क्रूरपणा आहे. तिचे डोळे उत्तर देताहेत. आणखी काय हवं?”

न्यायाधीशांनी मान हलवली आणि समेट होत नसल्याचं लिहून घेतलं. असं बोलणं आपल्याला कसं सुचलं, याचं कृष्णरावांना घरी जाईपर्यंत नवल वाटत होतं.

पुढे केवळरामची आणि एका शेजाऱ्याची साक्ष झाली. कृष्णरावांनी तासभर युक्तिवाद केला. स्त्री ही गाय नाही, कोणीही दावं धरून न्यावी अशी. तिचं शरीर तिचं, तिचं मन तिचं. जुने वकीलसुद्धा मागच्या बाकावर येऊन बसले होते.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये निकाल लागला. न्यायाधीशांनी तो इंग्रजीत वाचला. जागेश्वरचा अर्ज फेटाळला होता.

केवळराम नकलेसाठी बाबूच्या टेबलाकडे गेला. कृष्णराव व्हरांड्यात आले. धुरपता खांबाला टेकून उभी होती. आज ती नवं लुगडं नेसली होती. हात भरून हिरवा चुडा होता.

“बाई, जिंकलो आपण,” कृष्णराव म्हणाले. “आता तुझ्या मर्जीपुढे कोणाचं चालणार नाही.”

धुरपता हसली. इतक्या महिन्यांत ती हसलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. खाली वाकून तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग गाठोडं काखेत मारून ती लगबगीने पायऱ्यांकडे गेली.

खाली आवारात जागेश्वर टोपीने डोळे पुसत एसटी स्टँडच्या रस्त्याला लागला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो फाटकातून दिसेनासा झाला.

धुरपता पायरीवरच थबकली. मग हळूहळू परत आली.

“वकीलसाहेब,” तिने विचारलं, “आपन जिंकलो ना जी? मंग ते मले नेल्याबिगर काहून जाऊन राहिले?”