वाटीतली अंगठी

पोटाबाहेर आतडी घेऊन जन्मलेल्या बाळाचं ऑपरेशन मोठ्या डॉक्टरांनीच केलं होतं. शेजारच्या काचेच्या पेटीतलं बाळ परवा जंतुसंसर्गानं गेलं, तेव्हा डॉक्टर माझ्यावर, साफसफाईवाल्या बाईवर, खेकसले, "मावशी, फरशी पुसता की पाणी दाखवता?" मी फरशी पुन्हा पुसली. आज ते अंगठीसकट हात धुऊन बाळांच्या खोलीत निघाले आणि माझं डोकंच फिरलं. दाराशी अंगठ्या-बांगड्या काढून ठेवायची वाटी असते, ती घेऊन मी दारात आडवी उभी राहिले. "साहेब, अंगठी वाटीत काढा." "ती निघत नाही. सरका!" "अंगठीखाली जंतू राहतात, ही पाटी तुम्हीच लावलीय." "मला शिकवताय? उद्यापासून येऊ नका कामावर!" मी वाटी त्यांच्या नाकासमोर धरली. त्यात ऑपरेशन झालेल्या बाळाच्या आईची अंगठी होती, मधोमध कापलेली. "हिचीही निघत नव्हती, बोटं सुजली होती. लेकराला हात लावता यावा म्हणून तिनं पक्कड मागवली. तुमच्यासाठी आणू?"