उजव्या कडेनं गेलेला ठिपका

सून आठवडाभर नको तितकी गोड वागत होती, आणि सासूबाईंना तेच खपत नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी "छान झालीय, आई." खिडकी लाव म्हटलं की लावायची, उघड म्हटलं की उघडायची. तोंडात एवढी साखर म्हणजे पोटात काहीतरी दडलेलं असणारच. हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

आज ते बाहेर आलं. दूरच्या एका प्रयोगशाळेत वर्षभराचं काम चालून आलं होतं. तुम्ही हो म्हणालात तरच जाईन, असं सूनच म्हणाली. उद्या सकाळी कळवायचं होतं.

"इथं होत नाही असं कसलं गं मेलं काम? दाखव तरी."

सुनेनं कॉम्प्युटर समोर ओढला. पडद्यावर निळ्या गोळ्यांच्या रांगा होत्या आणि त्यांच्यामधून एक लाल ठिपका उड्या मारत होता.

"निळं ते लोखंड, आई. लाल तो हायड्रोजन. हा फटीफटीतून आत शिरतो आणि चांगलं जाडजूड लोखंड एक दिवस तडकवतो. तो कसा फिरतो, ते आम्ही कॉम्प्युटरवर आधीच बघून ठेवतो."

"म्हणजे उनाड कार्ट्याच्या मागे फिरायचं." सासूबाईंनी चष्मा चढवला. ठिपका एका कोपऱ्यात अडकला. "हल की मुडद्या!" तो हलला, सुटला आणि उजव्या कडेनं पडद्याबाहेर नाहीसा झाला. सासूबाई पडद्याच्या कडेपाशी वाकून त्याला शोधू लागल्या. तोच तो डाव्या कडेनं टुणकन आत आला.

"अगं बाई, आला की घरी!" त्यांचा चेहरा फुलला. "म्हणजे गेलेलं परत येतं तर."

दारातून लेकानं आईच्या पाठीआडून बायकोला खुणावलं. हो म्हण, हो म्हण. मान तुटेल इतकी हलवली.

सुनेनं त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"नाही, आई. ती आमची सोय आहे. अख्खं लोखंड यात मावत नाही. म्हणून एवढासा तुकडा घ्यायचा आणि इकडून गेलेल्याला तिकडून आत आणायचं. खऱ्या लोखंडात तो पुढेच जातो. परत येईलच असं नाही."

लेकानं कपाळावर हात मारून घेतला.

सासूबाईंनी चष्मा उतरवला. सुनेकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखं त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तोंडावर खरं बोलायला या घरात मी एकटी पुरे आहे," त्या म्हणाल्या. "तू जा."